आधी ओहोटी ओळखा, मग त्सुनामी

पारोळ्याच्या एका ताईंनी विचारलंय: "दिवाळीत आम्ही घरची चौदा माणसं गुहागर-गणपतीपुळ्याला चाललोय. पुढच्या वर्षी अंदमानचा बेत आहे. मुलाने शाळेत त्सुनामीचा धडा वाचून दाखवला आणि तेव्हापासून सासूबाईंनी धसका घेतलाय. आपल्या बाजूच्या समुद्रात त्सुनामी येते का? आली तर आम्हाला कळणार कसं? आणि आम्ही खान्देशातली माणसं, समुद्रापासून इतक्या लांब राहणारी, हे शिकून करायचं काय?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथे आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला रोजचा समुद्र पाठ असतो. आपल्यासारख्या पाहुण्याला रोजचाच माहीत नसतो, मग आजचा वेगळा आहे हे कळणार कुठून?

मी भडगावकडचा, गिरणाकाठचा. पोटापाण्याचं काम विहिरींचं आणि भूजलाचं. गेली पंधरा-सोळा वर्षं आपत्ती व्यवस्थापनाचे वर्ग घेतो, त्यातले बरेच किनाऱ्यावरच्या गावांत. समुद्र पहिल्यांदा पाहिला बाविसाव्या वर्षी, सुरतेजवळ डुमसला. पाहिला म्हणजे काय, दिसलाच नाही. समोर नुसती काळी वाळू आणि चिखल. चहावाल्याला विचारलं, दरिया कुठाय? तो म्हणाला, "संध्याकाळी या, येईल." मला वाटलं थट्टा करतोय. संध्याकाळी खरंच आला.

त्याच वयात मला नदी मात्र नीट वाचता यायची. श्रावणातली दुपार, आभाळ कोरडं, म्हशी गिरणेत बसलेल्या. एकाएकी पाणी गढूळ व्हायचं, फेसावर काडीकचरा, पळसाची पानं, कुणाची तरी एक चप्पल. म्हशी राखणारे बाबा ओंजळीत पाणी घेऊन बघायचे आणि ओरडायचे, "पूर उना रे, पया!" म्हणजे पूर आला रे, पळा. आमच्या डोक्यावर थेंब नव्हता, पाऊस वर कुठेतरी नाशिककडे पडलेला. पंधरा-वीस मिनिटांत पात्र दुथडी. त्या बाबांनी आभाळाकडे पाहिलंच नाही, पाण्याकडे पाहिलं. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की तापीकाठची माणसं जशी गुरं सोडतात, तसंच. समुद्राची ही भाषा आपल्याला कोणी शिकवलेली नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे, आणि ती शिकायला एक संध्याकाळ पुरते.

तर पहिली अक्षरं भरती-ओहोटीची. दिवसातून साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या आसपास. पाणी इतकं सावकाश उतरतं की तुमची भेळ खाऊन होईपर्यंत फार तर दोन-चार पावलं मागे गेलेलं दिसेल. कोकणातले जुने लोक घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतात, आणि त्याला लागतं ते भिंतीवरचं कॅलेंडर, जे तुमच्याही घरात आहे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो भरतीचा तास. भाऊबीज म्हणजे द्वितीया: बे त्रिक सहा, भागिले चार, दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती आणि तिथून सहा तासांनी, संध्याकाळी साडेसातला, ओहोटी. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. तास-दीड तास इकडे तिकडे धरा. खंबातच्या आखाताच्या बाजूला, म्हणजे डुमस-भावनगरकडे, हे गणित चालत नाही आणि तिथे पाणी उतरतंही फार. भावनगरजवळ कोळियाकला समुद्रातल्या महादेवाला लोक ओहोटीत चालत जातात, तो चमत्कार नाही आणि त्सुनामीही नाही.

आणखी एक. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे मवाळ. लक्ष्मीपूजन अमावास्येला. नेमक्या तुमच्या सुट्टीत पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब उतरतं. वाळूवर चारचाकी उतरवून फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या बुडतात त्या याच दिवसांत, आणि मग ट्रॅक्टरवाला मागेल ते पैसे.

एवढं कळलं की त्सुनामीची खूण आपोआप वेगळी दिसते. जे पाणी उतरायला सहा तास लागायचे ते दहा-पंधरा मिनिटांत उतरलं, किंवा भरतीची वेळ असताना मागे निघालं, एरवी बुडालेले खडक उघडे पडले, मासे वाळूत तडफडू लागले, तर ती ओहोटी नव्हे. माणसाचं मन अशा वेळी नेमकं उलटं वागतं. मुलं शिंपले वेचायला पुढे धावतात, मोठी माणसं मोबाईल काढतात.

पण इथे एक गैरसमज पसरलेला आहे, तुमच्या मुलाच्या मनातही असेल, की त्सुनामीच्या आधी पाणी मागे जातंच. नाही जात. लाटेचा उंचवटा आधी पोचतो की खळगा, यावर ते ठरतं. 26 डिसेंबर 2004 ला थायलंडच्या बाजूला समुद्र आधी आटला, पण आपल्या पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत पाणी आधी चढलं. त्यामुळे "मागे गेलं नाही, म्हणजे धोका नाही" असा हिशोब करू नका.

त्सुनामी मुळात काय असते ते थोडक्यात. शेतातल्या हौदात हात फिरवला तर वरवर तरंग उठतात, वाऱ्याच्या लाटा तशा. आता हौदाचा तळच कोणी खालून वीतभर उचलला असं समजा. तळापासून काठापर्यंत सगळं पाणी हलेल. समुद्राखालच्या मोठ्या भूकंपात एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, दुसऱ्याखाली अडकून बसलेला असतो, तो सुटतो आणि समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर लांबीवर वर-खाली होतो. 2004 ला सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे 1300 किलोमीटरचा पट्टा फाटला. भूकंपाची तीव्रता 9.1, वेळ आपल्याकडची सकाळी साडेसहाच्या जरा आधीची.

वेगाचं गणित मुलाला सोडवायला द्या, मजा येईल. समुद्राची खोली मीटरमध्ये घ्या, दहाने गुणा, वर्गमूळ काढा. तितके मीटर दर सेकंदाला. चार हजार मीटर खोलीवर चाळीस हजाराचं वर्गमूळ 200, म्हणजे ताशी 720 किलोमीटर, विमानाच्या जवळपास. दहा मीटर खोलीवर शंभराचं वर्गमूळ 10, म्हणजे ताशी 36. किनाऱ्याशी येताना पुढचं पाणी मंदावतं आणि मागचं अजून जोरात येतच असतं. चाळीसगावच्या कन्नड घाटात पुढचा ट्रक गचकला की मागे कशी गर्दी साचते, तसं पाणी पाण्यावर चढतं. खोल समुद्रात तीच लाट फार तर हात-दीड हात असते. 2004 ला भूकंपानंतर दोनेक तासांनी जेसन-1 या उपग्रहाला ती समुद्रावरून जाताना सापडली, तेव्हा तिथे उंची होती जेमतेम 60 सेंटिमीटर. होडीतल्या माणसाला कळणारही नाही. जपानमध्ये 1896 ला हेच झालं. रात्री मासेमारीला गेलेले लोक समुद्रात निर्धास्त होते, सकाळी परतले तर बंदर उद्ध्वस्त आणि घरची माणसं गेलेली. त्सुनामी या जपानी शब्दाचा अर्थही बंदरातली लाट असाच आहे.

आणि ती सिनेमातल्यासारखी भिंत होऊन येते असंही समजू नका. कधी येते, पण बहुतेक ठिकाणी ती पुरासारखी येते: पाणी चढतं, चढतच राहतं, थांबत नाही, आणि त्यात तुळया, पत्रे, होड्या, गाड्या असतात. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीतही माणूस उभा राहू शकत नाही. हे तापीकाठच्या माणसाला सांगायला नको.

आता नागपट्टिनम. या एका जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. मी जानेवारी 2005 च्या अखेरीस तिथे गेलो होतो, एका स्वयंसेवी गटाबरोबर, विहिरी तपासायला. किनाऱ्याच्या वाळूत गोड्या पाण्याचा पातळ थर खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, साईसारखा. त्सुनामीने विहिरीत वरून खारं पाणी ओतलेलं. मदतीला आलेली मंडळी उत्साहाने मोठाले पंप लावून विहिरी कोरड्या करत होती आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मीटरवर खारटपणा आणखी वाढलेला दिसायचा, कारण जोरात उपसलं की खालचं खारं वर येतं. आमचं निम्मं काम पंप बंद करायला लावण्यातच गेलं. थोडं विषयांतर झालं, पण लक्षात ठेवा: पाणी ओसरल्यावर तिथल्या विहिरीचं काहीही प्यायचं नाही, ते नितळ दिसत असलं तरी.

तिथल्या एका विहिरीची मालकीण, साठीची बाई, दुभाष्यामार्फत बोलली. पहिलं पाणी तिच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि परत गेलं. लोक म्हणाले, संपलं. कोणी जाळी सावरायला खाली गेलं, कोणी वाहून आलेली भांडी गोळा करायला. ती स्वतः कोंबड्या शोधत मागच्या बाजूला, जरा उंचवट्यावर गेली, म्हणून वाचली. घरात भिंतीवर एक खिळा होता, नवऱ्याचा शर्ट अडकवायचा. पाण्याची रेघ खिळ्याच्या हातभर वर होती.

दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर पडू शकतं, आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही. हे न कळल्याने जगभर माणसं मेली आहेत. 1960 ला चिलीमध्ये 9.5 तीव्रतेचा भूकंप झाला, आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा. हवाईतल्या हिलो शहरात त्याची त्सुनामी पोचायला पंधरा तास लागले, भोंगे वाजले होते, तरी 61 माणसं गेली, कारण बरेच लोक घरातच थांबले आणि सुरुवातीच्या छोट्या लाटा पाहून निश्चिंत झाले. मोठी तिसरी होती. माझ्या वर्गात मी फार गोष्टी पाठ करून घेत नाही, पण ही घेतो: एकदा वर गेलात की प्रशासन सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. पर्स राहिली, मोबाईल राहिला, राहू दे.

तुमचा मूळ प्रश्न, अरबी समुद्राचा. हो, तिथेही आलेली आहे. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या बाजूला, 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामी कच्छला पोचली आणि सकाळी मुंबईतही सुमारे 2 मीटर पाणी चढलं, होड्या दोर तोडून गेल्या, माणसंही वाहून गेली. तिथे अरबी भूपट्ट उत्तरेकडच्या भूपट्टाखाली सरकतो आहे, ते काम संपलेलं नाही. 2004 ची लाटसुद्धा श्रीलंकेला वळसा घालून केरळात शिरली, कोल्लमजवळच्या आलप्पाडला माणसं मेली. तेव्हा पश्चिम किनारा सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. पण बंगालच्या उपसागरापेक्षा आणि अंदमानपेक्षा धोका कमी आहे आणि एक मोठी सवलत आहे: वेळ. मकरानहून कोकणात पाणी यायला काही तास लागतात.

म्हणून कोकणात आणि अंदमानात इशारा दोन वेगळ्या वाटांनी येतो, आणि गोंधळ इथेच होतो. कोकणात तुमच्या पायाखाली जमीन हललेली कदाचित जाणवणारही नाही, गिरणेच्या पुरासारखं, पाऊस लांब वर पडलेला. तिथे बातमी यंत्रणेकडून येईल. हैदराबादला इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे 2007 पासून त्सुनामी इशारा केंद्र रात्रंदिवस चालतं. हिंदी महासागरात कुठेही साडेसहा तीव्रतेच्या वरचा भूकंप झाला की दहा मिनिटांच्या आसपास त्यांचं पहिलं पत्रक निघतं. मग समुद्राच्या तळाशी ठेवलेली दाब मोजणारी यंत्रं आणि बंदरांतले भरतीमापक खरंच लाट निघाली का ते सांगतात. 2004 ला हिंदी महासागरात अशी इशारा यंत्रणाच नव्हती. भूकंपानंतर चेन्नईला पाणी यायला दोन तासांच्या वर लागले आणि ते दोन तास वाया गेले.

इशारा आला आणि काही झालं नाही, असंही होतं. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप झाला, चेन्नईत लोक कचेऱ्यांतून रस्त्यावर आले, आणि मोठी त्सुनामी आलीच नाही. कारण त्या वेळी समुद्रतळ आडवा सरकला, वर-खाली फारसा झाला नाही. हौदाचा तळ उचलला नाही, बाजूला ढकलला, असं म्हणा. पण हे लाट मोजल्यावरच पक्कं कळतं. अशा वेळी "उगाच पळवलं" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

तुमच्या फोनमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' अ‍ॅप टाकून ठेवा, आणि 2023 मध्ये सगळ्यांचे मोबाईल चाचणीसाठी अचानक भोंग्यासारखे वाजले होते तो आवाज आठवा. तसा आवाज किनाऱ्यावर असताना झाला तर आधी वाचा, मग बंद करा. अमुक तारखेला त्सुनामी येणार असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते मात्र सरळ पुसून टाका. भूकंपाची तारीख आजवर कोणालाही आधी सांगता आलेली नाही, त्यामुळे त्सुनामीचीही नाही.

अंदमानात उलटं. तिथे भूकंपाची जागा इतकी जवळ असते की पाणी काही मिनिटांत ते अर्ध्या-पाऊण तासात पोचू शकतं. भोंगा वाजायच्या आत निघावं लागेल, आणि जमीन हलणं हाच तिथला भोंगा. उभं राहणं अवघड व्हावं असा हादरा, किंवा हलकाच पण वीस सेकंदांच्या वर चालणारा, बसला की धक्के थांबेपर्यंत डोकं सांभाळा आणि थांबल्या क्षणी उंचीकडे चालू लागा. समुद्र बघायला जायचं नाही. दुसरी खूण डोळ्यांची, ती वर सांगितली: पाणी वेळेबाहेर घटणं किंवा चढणं. तिसरी कानांची: भुसावळच्या यार्डात मालगाडी धडधडत यावी तसा समुद्राकडून आवाज. तिन्ही जुळायची वाट पाहू नका, एक पुरे. डिसेंबर 2018 मध्ये इंडोनेशियात अनाक क्राकाताउ ज्वालामुखीचा एक कडा समुद्रात कोसळला, किनाऱ्यावरच्यांना भूकंप जाणवलाच नाही, आणि रात्रीच्या वेळी चारशेवर माणसं गेली.

तुमच्या मुलाला टिली स्मिथची गोष्ट सांगा. दहा वर्षांची इंग्रज मुलगी, 2004 ला आईवडिलांबरोबर थायलंडमधल्या फुकेतला सुट्टीवर. समुद्राला विचित्र फेस येतोय हे पाहून तिला दोनच आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा तास आठवला. तिने हट्ट धरला, आईवडिलांनी ऐकलं, हॉटेलवाल्यांनी किनारा रिकामा केला आणि तिथली माणसं वाचली. धडा तुमच्या मुलानेही वाचलाय. प्रश्न एवढाच, की तो ओरडला तर चौदा जणांत त्याचं ऐकणार कोण? हे घरी, निघायच्या आधी ठरवा.

सासूबाईंसाठी दुसरी गोष्ट. सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचं बेट आहे, 2004 च्या भूकंपाच्या अगदी उशाशी. तिथे 1907 ला त्सुनामीत पुष्कळ लोक मेले होते, तेव्हापासून आज्या नातवंडांना गाण्यांतून, गोष्टींतून एक शब्द शिकवत आल्या: स्मोंग. जमीन हलली, समुद्र आटला की स्मोंग, पळा डोंगरावर. 2004 ला बेटाची वस्ती सत्तर हजारांच्या वर होती, मेले सात. त्यामुळे सासूबाईंच्या धसक्याला हसू नका.

आता गुहागर-गणपतीपुळ्याला पोचल्यावरचं. कोकण याबाबतीत नशीबवान आहे, किनाऱ्याच्या पाठीशीच जांभ्या दगडाचे डोंगर आहेत. गणपतीपुळ्याचं देऊळ तर टेकडीच्या पायथ्यालाच. नियम असा सांगतात की समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंच किंवा तीन किलोमीटर आत. पण जमेल तितकं, कारण पंधरा मीटर चढणंही खाली उभं राहण्यापेक्षा कितीतरी बरं. पहिल्या संध्याकाळी, सामान टाकून झालं की, वर जाणारी पायवाट सगळ्यांनी एकदा चढून या. किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. वाटेत खाडी किंवा पूल लागत असेल तर ती वाट सोडा, त्सुनामी खाडीतून आत खूप दूर घुसते. आणि पायीच. चौदा माणसांसाठी दोन गाड्या काढायच्या, वळवायच्या, अरुंद रस्त्यावर समोरून एसटी येणार, त्यात जीव अडकतो. डोंगर जवळ नसेल, पुरी किंवा द्वारकेसारखी सपाट जागा असेल, तर पक्क्या आरसीसी इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याच्या वर.

होडीत असाल तर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सांगेल ते. खोल पाण्यात होडी सुरक्षित असते, बंदरात नसते, हे त्यालाही माहीत असतं. पाण्यात सापडलातच तर तरंगणारं काहीही घट्ट धरा आणि डोकं वाचवा, तिथे पोहण्याची ऐट चालत नाही.

5 नोव्हेंबर हा त्सुनामी जागृती दिवस असतो, तुमच्या सुट्टीच्या आसपासच येतो. त्यामागे 1854 ची घटना आहे. जपानमधल्या हिरो गावात हामागुची गोर्यो नावाच्या माणसाने भूकंपानंतर रात्रीच्या अंधारात भाताच्या गंजी पेटवल्या, त्या उजेडाच्या रोखाने लोक टेकडीवर पोचले आणि वाचले. ही गोष्ट मी चोपड्याकडच्या एका शाळेत सांगितली तर मागून एक मुलगा म्हणाला, "सर, कडब्याची गंज पेटवली तर आमचा बाप मारेल." सगळे हसले. वर्षाचा चारा काय असतो हे त्या पोरांना जेवढं कळतं तेवढं शहरातल्या वर्गात कधी कळलेलं मी पाहिलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तुमच्या कोकणच्या चार दिवसांत त्सुनामी येण्याची शक्यता फार फार कमी आहे. साधा समुद्र मात्र दर हंगामात घाटावरच्या पोरांना ओढून नेतो, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना विहिरीत, नदीत उत्तम पोहता येत असतं. किनाऱ्याकडे आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात परत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा शांत वाटते आणि आपली माणसं नेमकी तिथे उतरतात. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून पट्ट्याबाहेर पडा. कुठे उतरू नये हे तिथल्या कोळ्याला किंवा नारळवाल्याला विचारा, तो पैसे घेत नाही. ओहोटीच्या वेळी, अंधार पडल्यावर आणि पोटात "काही" गेलेलं असताना पाण्यात जायचं नाही, हे तुमच्या घरातल्या पुरुषांना तुम्हीच सांगा, माझं ऐकणार नाहीत. अडचणीत 112, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी 1077, समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा 1554.

राहिलं अंदमान. जा, जरूर जा. 2004 च्या भूकंपात निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरच्या वर खचलं, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. इतकी ती जमीन जिवंत आहे, हे मनात ठेवून जा. पोर्ट ब्लेअरला, आता श्री विजयपुरम म्हणतात, चढ-उतार भरपूर आहेत, मुक्काम उंचावरच्या भागात घ्या. स्वराजद्वीप, शहीदद्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक आणि नील बेटांवर, लोकांना किनाऱ्याला चिकटलेली झोपडीवजा खोली हवी असते. मी सासूबाईंबरोबर असतो तर थोडी आतली, चढावाजवळची घेतली असती.

कारण जपानी लोक शिकवतात की त्सुनामीत प्रत्येकाने आपापलं पळावं, कोणी कोणाची वाट पाहू नये, आणि ते बरोबर आहे, फक्त गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते लागू होत नाही. सासूबाईंचं आधी ठरवावं लागतं. दोन धडधाकट जण नावानिशी नेमा, ते दुसरं काही करणार नाहीत, मुलांनाही बघणार नाहीत, मुलं इतरांकडे. खुर्चीत बसवून उचलून चढ चढायला किती वेळ लागतो ते पारोळ्यातच घराच्या जिन्यावर एकदा करून बघा. सासूबाई ओरडतील, पोरं हसतील. वेळ तेवढी लिहून ठेवा, आणि हॉटेलला खोली सांगताना त्या आकड्यावरून सांगा.